परिचारिकेने पुढे शिकावे, पण कोणत्या वाटेने?

(नांदेड येथे मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की त्यांत थोडा उपदेश आणि थोडी स्तुती असावी असा रिवाज आहे. आज दोन्ही बाजूंस ठेवून एका व्यवहाराच्या गोष्टीविषयी बोलण्याची परवानगी मी आपल्याकडे मागते. मंडळाच्या बैठकीला आले की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारते, "बाई, आमची सून ए.एन.एम. झाली आहे. तिला पुढे मोठी नर्स व्हायचे आहे. घरबसल्या ऑनलाइन कोर्स निघाला आहे म्हणतात, तो करावा का?" कोणी मोबाइलवरची जाहिरात दाखविते. तिच्यावर पांढऱ्या टोपीतील हसरी मुलगी असते आणि खाली लिहिलेले असते, 'नोकरी सांभाळून नर्स व्हा, हजेरीची गरज नाही.' ज्या प्रश्नात एका घरची तीन वर्षे आणि बहुधा एखादे मंगळसूत्र गुंतलेले असते, त्याचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देणे बरे नव्हे. म्हणून ते आज सर्वांसमक्ष सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एवढे सांगते की, पुढे शिकण्याची ही इच्छा हौस म्हणून सोडून देण्यासारखी नाही. परिचर्येचा पेशा आपल्या स्त्रियांना सहजासहजी मिळालेला नाही. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात पुण्यास रोग्यांची सेवा करता करता स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. त्या काळी परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे, हे कुलीन घरच्या बाईला शोभत नाही असे लोक उघड बोलत. त्या बायांनी ते बोलणे सोसले म्हणून आज आपल्या मुली पांढऱ्या पोशाखात ताठ मानेने बसस्टँडवर उभ्या राहतात.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, दवाखाने त्याहून थोडे. आज नांदेडला विष्णुपुरीस शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय संस्था आहे, आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि २०२० साली करोना आला. त्या दोन्ही वेळी शिकलेल्या हातांची किंमत काय असते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून ज्या मुलीला पुढे जावेसे वाटते तिला मागे ओढू नये. मात्र तिला आडवाटेलाही लावू नये.

आता ही दोन प्रकारच्या नर्सची व्यवस्था आली कोठून, ते थोडक्यात पाहू. स्वातंत्र्याच्या आधी भोर समिती नेमली होती. तिचा अहवाल १९४६ साली आला. खेड्यापाड्यांतून परिचारिका पुरवायच्या तर सर्वांनाच लांबचे शिक्षण देऊन भागणार नाही, हे तेव्हाच दिसत होते. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९५० साली परिषदेने शिक्षणाचे दोन दर्जे ठरविले. एक पूर्ण शिकलेली परिचारिका व प्रसविका, आणि दुसरी तिची सहायक, म्हणजेच आपली ए.एन.एम. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला स्त्री आरोग्य कार्यकर्ती म्हणावे असे सुचविले आणि १९७७ साली तिचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला. सध्या तो दोन वर्षांचा आहे. सपाटीच्या मुलखात पाच हजार वस्तीला आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. त्या उपकेंद्रात जिला गावकरी 'नर्सबाई' म्हणतात तीच ही.

ए.एन.एम. म्हणजे अर्धी नर्स असे कोणी समजू नये. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, घरोघरची नोंद, ही कामे तिच्यावाचून अडतात. पण मोठ्या रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, जागेसाठी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग लागते. खाजगी दवाखान्यात ए.एन.एम. झालेली मुलगी पुष्कळदा स्टाफ नर्सचेच काम करते, रात्रपाळ्याही तितक्याच करते, आणि महिनाअखेरीस पगार मात्र वेगळा घेते. तिच्या मनात ही गोष्ट सलते आणि ते रास्तच आहे. कामाची जबाबदारी वाढते, पण हाती तो अधिकार देणारा कागद नसतो. उद्या काही बरेवाईट झाले तर बोट तिच्याकडेच दाखविले जाते. तेव्हा पुढे शिकण्यात पगाराइतकाच संरक्षणाचाही प्रश्न आहे.

आता ऑनलाइनच्या गोष्टीकडे येते. अमेरिकेत 'लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' नावाचा एक वर्ग आहे. आपल्या ए.एन.एम.हून त्यांचे काम निराळे असते, पण पायरी साधारण तशीच, खालची. त्यांना रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी तेथे जोड अभ्यासक्रम असतात आणि त्यांतील पुस्तकी भाग पुष्कळ ठिकाणी घरी बसून संगणकावर करता येतो. मोबाइलवर आपण 'नर्सिंग ऑनलाइन' असे शोधले की तिकडच्या जाहिराती इकडे येतात, आणि इकडचे काही हुशार लोक त्याच शब्दांची नक्कल करतात. पण तिकडेसुद्धा रुग्णालयातले प्रत्यक्ष काम घरी बसून होत नाही. ते खऱ्या वार्डात, खऱ्या रोग्यापाशी, शिक्षिकेच्या देखरेखीखालीच करावे लागते. शिवाय त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची संमती नसेल तर त्या अभ्यासक्रमाला तेथेही कोणी विचारीत नाही. जाहिरातीत हा भाग बारीक अक्षरात असतो किंवा मुळीच नसतो.

आपल्या देशातली स्थिती मी स्पष्ट शब्दांत सांगते. ए.एन.एम.पासून जी.एन.एम. होण्यासाठी मान्यता असलेला कोणताही ऑनलाइन किंवा टपाली अभ्यासक्रम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत ज्या विषयांचे शिक्षण ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने देऊ नये असे म्हटले आहे, त्यांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्या पंक्तीला परिचर्याही आहे. तेव्हा 'घरबसल्या जी.एन.एम.' असे जो कोणी सांगेल त्याला चहा द्यावा, पैसे देऊ नयेत.

हा नियम केवळ सरकारी आडमुठेपणा आहे असे कोणास वाटेल. एक साधे उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी सांगितले की पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत जाऊ द्या. नळीतून वीस थेंबांना एक मिलिलिटर पडते. म्हणजे एकूण दहा हजार थेंब आणि मिनिटे चारशे ऐंशी, तेव्हा मिनिटाला साधारण एकवीस थेंब. हे गणित मोबाइलवर उत्तम शिकता येईल. पण सुई शिरेतून निसटून हात सुजू लागला आहे, म्हाताऱ्या रोग्याला धाप लागू लागली आहे, किंवा लेकुरवाळ्या बाईच्या चादरीखाली रक्तस्राव वाढतो आहे, हे ओळखण्याला नजर लागते, आणि ती नजर जाणत्या सिस्टरच्या पाठीमागे उभे राहूनच तयार होते. पाण्यात उतरल्याखेरीज पोहणे येत नाही, तसेच हे आहे. जिच्या हाती आपण आपली बाळंतीण लेक सोपविणार, ती पडद्यावर पोहायला शिकलेली असावी असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही.

दूरस्थ शिक्षणाची एक खरी वाट मात्र आहे, आणि तिच्याच नावाचा गैरफायदा घेतला जातो म्हणून ती नीट समजून घ्यावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. त्याचा 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग' हा अभ्यासक्रम नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी आहे. त्याला प्रवेशपरीक्षा असते, मुदत कमीतकमी तीन वर्षांची असते, शिक्षण इंग्रजीतून असते आणि नेमलेल्या केंद्रावर जाऊन प्रात्यक्षिके करावी लागतात. पण तो जी.एन.एम. झालेल्या, परिषदेकडे नोंदणी असलेल्या आणि त्यानंतर दोन वर्षे काम केलेल्या परिचारिकेसाठी आहे. ए.एन.एम.ला तो दरवाजा उघडत नाही. दलाल काय करतो, तर या विद्यापीठाचे नाव सांगतो आणि ही अट सांगत नाही.

मग खरे रस्ते कोणते? मी तीन सांगते.

पहिला रस्ता जी.एन.एम.चा. तो तीन वर्षांचा आणि नियमित हजेरीचा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी असावी आणि एकंदर चाळीस टक्के गुण असावेत. नोंदणी झालेल्या ए.एन.एम.लाही प्रवेश आहे, आणि विशेष म्हणजे तिला वयाची आडकाठी नाही. हे वाक्य घरी जाऊन आपल्या पस्तिशी ओलांडलेल्या सुनेला अवश्य सांगा. मात्र ए.एन.एम.ची दोन वर्षे यांत वजा होत नाहीत; पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. हे कटू आहे खरे, पण आधी कळलेले बरे.

दुसरा रस्ता बी.एस्सी. नर्सिंगचा. तो चार वर्षांचा आणि त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. आपल्याकडे लातूर पॅटर्नचे नाव सर्वदूर झाले आहे. विज्ञान शाखा घेतलेली जी मुलगी केवळ डॉक्टरकीचा नंबर हुकला म्हणून हिरमुसून ए.एन.एम.ला गेली असेल, तिने या रस्त्याचा जरूर विचार करावा. या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. ते १९९८ साली स्थापन झाले.

तिसरा रस्ता टप्प्याटप्प्याचा. प्रथम जी.एन.एम., मग नोकरी, आणि मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. ते महाविद्यालयात जाऊन दोन वर्षांत करावे किंवा वर सांगितलेल्या मुक्त विद्यापीठातून. संसारी बाईला हा तिसरा रस्ता पुष्कळदा सोयीचा पडतो, कारण मध्ये कमाई होते.

ज्यांनी जुन्या नियमाने दहावीनंतर ए.एन.एम. केले आणि बारावी झालेली नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून घरी अभ्यास करून बारावी देता येते. घरबसल्या शिक्षणाचा खरा उपयोग येथे आहे. आपल्या बाबतीत ती बारावी लागते काय आणि चालते काय, हे त्यांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर पैसे भरू नयेत.

आता शाळा निवडावी कशी? लुगडे घेताना आपण पदर उलटून पाहतो, रंग जाईल काय म्हणून विचारतो. तीन वर्षांचे आयुष्य देताना निदान चार प्रश्न विचारावेत.

एक, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची या शाळेला मान्यता आहे काय, आणि भारतीय परिषदेच्या यादीत तिचे नाव आहे काय? याद्या मोबाइलवर पाहता येतात. त्यासाठी दलाल लागत नाही. मोबाइलचा हा उपयोग करावा. यादी चालू वर्षाची आहे ना, हेही पाहावे. १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. तेव्हा पुढे कागदांवरची नावे बदललेली दिसतील. त्याने गोंधळून जाऊ नये, पण चौकशी नव्या नावाने करावी.

दोन, परीक्षा कोण घेते? शाळेने स्वतः छापलेले प्रमाणपत्र हे लग्नपत्रिकेइतकेच उपयोगाचे. परीक्षा राज्याच्या मंडळाची वा विद्यापीठाची असली पाहिजे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी नाही तर नर्स नाही, हे सूत्र लक्षात ठेवावे.

तीन, रुग्णालय कोठे आहे? जी.एन.एम.च्या शाळेला शंभर खाटांच्या रुग्णालयाचा आधार हवा. स्वतः जाऊन पाहावे. खाटा आहेत, पण रोगी नाहीत. किंवा फलक आहे, पण रुग्णालयच नाही, असे आढळले तर परतीची एस.टी. धरावी. तेथे शिकणाऱ्या दोन मुलींना फाटकाबाहेर गाठून विचारावे, "गेल्या आठवड्यात वार्डात किती दिवस गेलात?" मुली खोटे बोलत नाहीत.

चार, सगळा खर्च किती, आणि पावती मिळते काय? फीशिवाय वसतिगृह, गणवेश, परीक्षा शुल्क, प्रवास हे सगळे कागदावर मांडून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहतील, मध्येच शाळा सोडावी लागली तर ती परत मिळतील काय, हेही विचारावे. शिष्यवृत्त्या महाडीबीटीवरून मिळतात. मुलींच्या फीची सवलत राज्य सरकारने २०२४ साली वाढविली आहे. आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवेशाला ती लागू होते काय, हे प्रवेशाच्या आधी विचारावे, नंतर नव्हे.

आपण सीमेवरचे लोक आहोत. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणा; उदगीर, निलंग्याच्या पलीकडे कर्नाटक. परराज्यात चांगल्या शाळा आहेत आणि तेथे शिकण्यात काहीच वावगे नाही. पण 'नाव तिकडे घालू, तुम्ही फक्त परीक्षेला या' असे जो म्हणतो, तो शिक्षण विकीत नाही, कागद विकतो. परराज्यात शिकलेल्या मुलीला आधी तेथील परिषदेची नोंदणी आणि मग आपल्या परिषदेकडे बदली करून घ्यावी लागते. त्या वेळी कागद तपासले जातात. हजेरी एका ठिकाणची आणि पगारपत्रक त्याच तारखांचे दुसऱ्या ठिकाणचे निघाले, तर मुलीची नोंदणी अडकते. दलालाचा फोन तोवर बंद झालेला असतो.

येथवर मुलीने काय करावे ते सांगितले. आता आपण काय करावे ते सांगते, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. घरबसल्या शिक्षणाच्या जाहिरातीला आपल्या मुली का भुलतात? त्या भोळ्या आहेत म्हणून नव्हे. घरचे म्हणतात, "शिक, पण स्वयंपाक चुकता कामा नये. शिक, पण रात्री घराबाहेर नको. शिक, पण पगार बंद व्हायला नको." या तीनही अटी पाळून जे शिक्षण होते ते फक्त जाहिरातीत असते. आपणच तिच्यापुढे सगळी खरी दारे लोटून घेतो आणि मग ती खिडकीतून गेली म्हणून तिला बोल लावतो.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, मंडळाच्या कपाटात एक वही असावी. आपल्या दोन जिल्ह्यांतील मान्यताप्राप्त शाळा, त्यांची फी, प्रवेशाच्या तारखा आणि तेथे शिकलेल्या मुलींचे अनुभव तीत दरवर्षी लिहावेत. दुसरी, आपल्या भिशीतून व बचत गटातून सणावारासाठी उचल देतो, तशी शिक्षणासाठीही द्यावी, आणि तिची फेड नोकरी लागल्यावर घ्यावी. तिसरी सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. ज्या घरची सून शिकायला जाईल तिची मुले शाळा सुटल्यावर आळीने सांभाळावीत. आपण साठ जणी आहोत असे धरले, तर महिन्यातून एकीच्या वाट्याला फार तर एक दुपार येईल. लोणची-पापडांची वाटणी आपण करतो, ही एक वाटणी जड जाऊ नये.

ज्यांना काही कारणाने पुढे जाणे जमणार नाही, त्यांनीही खंत करू नये. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला आरोग्य सहायिकेची बढती असते. शिवाय शिकणे थांबवायचेच नसते. नोंदणी चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांत दीडशे तासांचे निरंतर शिक्षण परिचर्येत अपेक्षित आहे. मोबाइलवरची व्याख्याने, चित्रफिती, नवीन औषधांची माहिती यांचा उपयोग येथे करावा. शिकलेले घासून लख्ख ठेवायला ऑनलाइन चांगले. पण मूळ भांडे घडते ते वार्डातच.

भगिनींनो, परिचर्येत खोटी पदवी ही केवळ फसवणूक नसते. इतर धंद्यात खोट्या कागदाने मालकाचे नुकसान होते. येथे ते खाटेवरच्या माणसाचे होते, आणि तो माणूस बहुधा बोलण्याच्या स्थितीतही नसतो. म्हणून या वर्षी आपल्या ओळखीच्या निदान एका ए.एन.एम. मुलीला खऱ्या शाळेच्या दारापर्यंत सोबत करू या. फॉर्म भरायला तिच्याबरोबर जा, रुग्णालय पाहायला जा, पावती वाचायला जा. तिच्या सासूशी बोलायचे काम अवघड वाटले तर मला बोलवा; त्या कामाची मला पुष्कळ सवय आहे.